एफडी वाढत राहते, पण हप्ते कोण भरतं?

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, आपण चुकत होतो. गाडी एकरकमी पैसे देऊन घ्यायचीच नसते.’ त्याने गाडीसाठी चार वर्षं पैसे साठवलेत. पूर्ण रक्कम खात्यात आहे. आणि हा मेसेज वाचून तो पाच वर्षांच्या कर्जाचा अर्ज भरायला निघाला होता! म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यातलं म्हणणं असं: गाडीचं कर्ज ९ टक्क्यांनी मिळतं, पण व्याज घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावरच लागतं. तेच पैसे ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर चक्रवाढीने वाढतात, म्हणून कर्ज घेणारा फायद्यात. शिवाय शून्य टक्क्यांचं कर्ज म्हणजे फुकटचे पैसे, कर्जाने क्रेडिट स्कोअर (आपली पत दाखवणारा आकडा) वाढतो, रोखीच्या गिऱ्हाइकाला सूट मिळत नाही, आणि श्रीमंत लोक स्वतःच्या पैशाने गाडी घेत नाहीत.

सगळा घोळ एफडीच्या मुद्द्यात आहे, कारण त्यातले आकडे खरे आहेत. गाडीची किंमत शंभर रुपये धरू. शंभर रुपयांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता येतो २.०८ रुपये, एकूण फेड १२४.५५, म्हणजे व्याज २४.५५. शंभर रुपयांची एफडी ७ टक्क्यांनी, दर तिमाहीला चक्रवाढ, पाच वर्षांनी होते १४१.४८. मेसेज लिहिणारा ४१.४८ मधून २४.५५ वजा करतो आणि सांगतो, बघा, सतरा रुपये नफा.

पण हे २.०८ रुपये दर महिन्याला आले कुठून? एफडीला तर हात लावलेला नाही. म्हणजे ते पगारातून गेले, साठ महिने सलग. मग ज्याने रोखीने गाडी घेतली त्याच्या पगारातले तेच २.०८ रुपये दर महिन्याला शिल्लक राहिले, ते कुठे गेले? मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखच नाही. रोखवाल्याने तेवढीच रक्कम दर महिन्याला त्याच ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत (आरडीत) टाकली, तर पाच वर्षांनी त्याच्याकडे १४८.४६ रुपये जमतात. दोघांच्याही दारात गाडी आहे, दोघांच्याही पगारातून सारखीच रक्कम गेली. कर्जवाल्याकडे १४१.४८, रोखवाल्याकडे १४८.४६. शंभरामागे सात रुपयांचा तोटा ‘नफा’ म्हणून वाटत सुटलेत लोक. एफडीच्या व्याजावर कर लागत असेल, तर ७ टक्क्यांतून तोही वजा करा.

भावाला हे फोनवर पटेना. ‘अगं पण घटती शिल्लक...’ हेच चालू होतं. मग त्या रात्री त्याच्यासमोर लॅपटॉपवर तक्ता केला. पहिल्या ओळीत शंभर रुपये, दर महिन्याला ७ टक्क्यांच्या हिशेबाने व्याज मिळवायचं आणि २.०८ चा हप्ता वजा करायचा, म्हणजे कर्जाचे हप्ते त्याच साठवलेल्या पैशातून. ठेव मोडल्याचा दंडसुद्धा धरला नाही. मेसेज खरा असता तर साठावा हप्ता भरून वर काही उरायला हवं होतं. सत्तावन्नाव्या ओळीत शिल्लक उणे झाली. तो हप्ता पुरा पडला नाही, आणि त्यापुढचे तीन हप्ते भरायला खात्यात एक पैसाही नव्हता. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला.

घटत्या शिलकीवर व्याज लागतं म्हणजे तुम्ही जेवढं वापरता तेवढ्यावरच लागतं. ती काही मेहेरबानी नाही. ९ टक्के हे ९ टक्केच राहतात. खरा धोका आहे तो ‘फ्लॅट’ दराचा. साडेपाच टक्के फ्लॅट ऐकायला स्वस्त वाटतं, पण त्यात मुद्दल फिटत आलं तरी व्याज मूळ रकमेवरच मोजतात. पाच वर्षांसाठी ते घटत्या शिलकीच्या जवळपास १० टक्क्यांएवढं पडतं. अमेरिकेत कर्जाचा खरा वार्षिक दर ग्राहकाला दाखवण्याची सक्ती १९६८ च्या कायद्याने आली ती उगाच नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट) नावाचा, कर्जाची मुख्य माहिती देणारा कागद द्यावा लागतो, आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सेल्समन तोंडी सांगतो तो आकडा सोडा, त्या कागदावरचा वाचा.

शून्य टक्क्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. ते परिपत्रक वस्तूंच्या हप्त्यांच्या योजनांबद्दल होतं, पण गाडीला तोच तर्क लागू पडतो. शंभराच्या गाडीवर रोखीला सहा रुपये सूट आहे आणि शून्य टक्के योजनेत ती मिळत नाही, असं समजा. म्हणजे तुम्ही ९४ चं कर्ज घेऊन छत्तीस महिन्यांत १०० फेडताय. दर चार टक्क्यांच्या थोडा वर गेला. वर दोन रुपये प्रोसेसिंग फी घेतली तर साडेपाच. आता एवढं मात्र मान्य करायला हवं: सूट दोन्हीकडे सारखीच असेल, फी नसेल, बळजबरीचा विमा गळ्यात मारला नसेल, तर ते कर्ज खुशाल घ्या. कर लागून ठेवीवर जे हातात येतं, त्यापेक्षा कर्ज खरोखर स्वस्त असेल तर कर्जच बरं. मेसेजमध्ये नेमकी हीच अट नाही.

रोखीला सूट न मिळण्याच्या मुद्द्यातही थोडं तथ्य आहे, नाइलाजाने सांगते. कर्ज मिळवून दिलं की विक्रेत्याला कर्ज देणाऱ्याकडून कमिशन मिळतं, त्यामुळे काही वेळा कर्जावर सूट जास्त असते. पण ती सूट आणि पूर्ण मुदतीचं व्याज शेजारी शेजारी लिहून बघा. मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती आकार लागतो हे लेखी घ्या. तो नगण्य असेल तर सूट घेऊन कर्ज लवकर मिटवता येतं.

क्रेडिट स्कोअरसाठी कर्ज काढायचं? क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला वेळेवर पूर्ण भरलं तरी परतफेडीची नोंद होते, आणि तीही बिनव्याजी. श्रीमंतांचं उदाहरण तर सोडूनच द्या. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचं व्याज खर्चात दाखवता येतं, त्यांचं गणित वेगळं.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो शेवटच्या ओळीचा: ‘हप्ता परवडतो म्हणजे गाडी परवडते, मुदत सात वर्षं घ्या.’ सात वर्षांत हप्ता २.०८ वरून १.६१ वर येतो खरा, पण व्याज २४.५५ वरून ३५.१५ वर जातं. आणि तीन वर्षं इमाने इतबारे हप्ते भरूनही शंभरातले ६४.६५ रुपये फेडायचे बाकी असतात. त्यात नोकरी गेली आणि गाडी विकायची वेळ आली, तर आलेल्या पैशातून आधी ते देणं भागवायचं. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार मोडली, तर गाडीचं नुकसान भरून देणारा साधा विमाही तिची त्या वेळची घसरलेली किंमतच देतो. कर्ज किती उरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वरची रक्कम गाडी नसताना भरत बसायची. माणसं अशीच अडकतात, आणि हा सल्ला देणारा तेव्हा कुठेच नसतो.

भावाचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं. सगळी शिल्लक गाडीत घातली आणि महिन्याभरात कुणी आजारी पडलं, तर ९ टक्क्यांचं कर्ज वाचवून त्याहून महाग पर्सनल लोन काढावं लागेल. यावर आम्ही भांडलो नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचा, बाकी सगळी रक्कम गाडीला द्यायची, आणि कमी पडेल तेवढ्याचंच दीड वर्षाचं कर्ज घ्यायचं, असं ठरलं. काल त्याने केएफएसचा कागद आणि मुदतपूर्व फेडीचा आकार लेखी मागितलाय. पलीकडून उत्तर आलं, ‘आधी सही करा, मग पाठवतो.’ त्याने सही केलेली नाही.