कुठला सेक्टर 8?

आमच्या रत्नागिरीकडे पत्ता सांगायची एक रीत आहे. सड्यावरून खाली उतरा, पऱ्ह्या ओलांडा आणि कुत्रं अंगावर आलं की समजा घर आलं. आजवर कुणी चुकलेलं नाही.

पुतणी नवी मुंबईत आर्किटेक्चर शिकते. "एक दिवस या, नियोजित शहर दाखवते," असा तिचा फोन आला. भेटायचा पत्ता आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, कालनिर्णयच्या पाठीवर टिपून घेतला: सेक्टर 8. रात्रीच्या गाडीने पनवेल गाठलं आणि लोकलमधून उतरायचं कुठे यावर आमच्यात मतदान झालं. नेरूळ निवडून आलं.

"सेक्टर 8," अप्पा रिक्षावाल्याला म्हणाले.

"कुठला? वाशीचा, नेरूळचा, खारघरचा की बेलापूरचा?"

इथे प्रत्येक नोडला आपापला सेक्टर 1, आपापला 2 आणि आपापला 8. नोड म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी सिडकोच्या भाषेत एकेक उपनगर. 1970 साली सिडको निघाली तेव्हा खाडीपलीकडची 95 गावं या आराखड्यात आली. त्या गावांना नावं होती, हे अप्पांनी रिक्षावाल्याला दोनदा ऐकवलं. तो बिचारा सांगलीचा, त्याने मीटर टाकला. नेरूळचा सेक्टर 8 पाहून झाला. चांगला आहे. आमचं तिथे कुणीच नव्हतं. शेवटी पुतणीचा फोन लागला आणि आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला टेकलो.

आणि बघायचं काय होतं? कौलं, अंगण, दारात तुळस. रात्रभर पाय आखडून आम्ही अंगण बघायला आलो होतो!

"वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचं काम आहे, आजोबा. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर खाडीपलीकडे शहर वसवायची कल्पना मांडली ना 1965 मध्ये, तेच हे कोरिया. ही घरं ऐंशीच्या दशकातली," पुतणी सांगू लागली. "सात घरांना मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण. असे तीन गट जोडले की मोठा चौक."

"सात घरांत एक अंगण? भांडणाला जागा चांगली ठेवलीय."

"पण एकाही घराची भिंत दुसऱ्याशी सामाईक नाही. ज्याला घर वाढवायचं त्याने शेजाऱ्याला न विचारता वाढवावं, म्हणून."

अप्पा थबकले. आमच्या घराच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, चुलत्यांशी दावा चालू आहे; गडगा केव्हाच ढासळला, दावा भक्कम उभा आहे. अप्पांनी एका घराच्या कडेची बोळ आधी पावलांनी मोजली, मग वितीने. आतून एक बाई बाहेर आल्या, "कोण पाहिजे?" म्हणाल्या. "कुणी नाही, भिंत बघतोय," असं सांगून अप्पांनी मोजणी पुरी केली.

वाढवायची मुभा लोकांनी मनावर घेतलेली दिसते. कित्येक कौलारू घरं जाऊन तिथे मजल्यांवर मजले उभे आहेत. पुतणी त्याबद्दल हळहळत होती. मला काही फार वाईट वाटलं नाही; घर वाढवता यावं म्हणूनच तर बांधलं होतं.

पुढे मॉल होता, वातानुकूलित. मी आशेने दोनदा घड्याळ पाहिलं. अप्पा पारावर बसून पुतणीला विचारत होते, "अगो, ह्या कोरियांचा नकाशा झेरॉक्स करून मिळेल? तारीख जूनमध्ये आहे, वकिलाला आधी वाचायला द्यायला हवा."