काम नसताना केलेला फोन

परवा एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. दुपारचे चार वाजले होते, चहा टाकला होता आणि तिची आठवण आली, म्हणून केला. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "अगं काय झालं? सगळं ठीक ना?" मी म्हटलं, सगळं छान आहे, सहज केला. ती जरा थांबली. "सहज? काही काम होतं का?" काम काहीच नव्हतं. पाच मिनिटं बोललो, पण मी आता मुद्द्यावर येईन, मग येईन, याची ती वाट बघतेय हे मला पलीकडून जाणवत होतं. शेवटी "बरं मग, ठेवू?" म्हणून तिनेच ठेवला.

तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बिचारी खरंच घाबरली होती. पण काम नसताना फोन वाजला की काळजात धस्स व्हावं, इथवर आपण कसे आलो, हे दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मला मैत्री कळली ती लोकलच्या लेडीज डब्यात. १९९६ साली नोकरी लागली. घर डोंबिवलीला, ऑफिस फोर्टात. त्याच वर्षी तिथल्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्टेशनचं नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, पण आम्ही सगळ्या व्हीटीच म्हणायचो. सकाळची कल्याण फास्ट. पहिले पंधरा-वीस दिवस मी दाराजवळच्या गर्दीत दांडा धरून उभी असायची आणि आतल्या बाजूला बसलेल्या एका ग्रुपकडे बघत राहायची. कल्याणहूनच बसून येणाऱ्या चार-पाच जणी होत्या. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी किंवा मटार. हात चालू, तोंडं चालू. मध्येच कुणीतरी खळखळून हसायचं आणि मला एकदम परकं परकं वाटायचं.

एक दिवस त्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघून हाक मारली, "ए मुली, ये, टेक इथे चौथ्या सीटवर." तिघींच्या बाकावर चौथी म्हणून मी कडेला अंग चोरून टेकले. त्यांनी काही विचारलं नाही. नाव नाही, गाव नाही, ऑफिस कुठलं तेही नाही. अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हात रिकामे आहेत ना? कोवळे देठ राहू देत, जून तेवढे काढ." ठाणं येईपर्यंत माझी अर्धी जुडी निवडून झाली होती. मी त्या ग्रुपची झाले होते.

त्यांना मी पुढे ताई म्हणायला लागले. बाकीच्यांची नावं आम्हाला माहीत होती, पण ओळख स्टेशनांवरूनच चालायची. ठाण्याची, घाटकोपरवाली, बँकवाली. त्या डब्यात काय काय बोलणं व्हायचं? मोठं काहीच नाही. कालचं वरण पातळ झालं. सासूबाईंचा गुडघा. पोरगा गणितात पुन्हा कसा आपटला. टिकल्या-क्लिपा विकणारी आली की तिच्याकडची कुठली घ्यायची यावर दहा मिनिटं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण बांधायचो, एकमेकींना आपट्याची पानं द्यायचो. माझी ओटी घाटकोपर ते दादरच्या मध्ये भरली गेली, हे सांगितलं तर माझ्या मुलीला आजही खरं वाटत नाही. अशा गाडीतल्या मैत्रिणी तेव्हा मुंबईत हजारोंनी होत्या. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली ही पहिली लेडीज स्पेशल सुटली, त्याच वर्षी आमच्या मध्य रेल्वेवरही सुरू झाली. बायकांना गर्दीतून सुरक्षित जाता यावं म्हणून केलेली सोय ती. तिने बायकांना रोज तासभर बोलायला हक्काची जागाही दिली, आणि या दुसऱ्या गोष्टीची नोंद कुणी फारशी घेतली नाही याची मला खंत वाटते.

आता मला जे सांगायचंय त्याच्याकडे येते.

२००२ साली माझ्या नवऱ्याची कंपनी बंद झाली. त्या काळात मुलुंड-भांडुपकडचे कारखाने एकामागून एक बंद होत होते, त्यातलीच एक. मुलगी तीन वर्षांची होती, घराचे हप्ते चालू होते. आम्ही कुणालाच सांगितलं नाही. सासर-माहेर दोन्हीकडून फोन यायचे, "कसे आहात?" "मजेत." कसे आहात या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतंच. तो प्रश्न इतका मोठा असतो की खरं सांगायला सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही.

डब्यात ताई रोज विचारायच्या, "आज काय आणलंस ग?" हा आमचा नेहमीचा प्रश्न. मी म्हटलं, लोणचं-पोळी, सकाळी वेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशीही लोणचं-पोळी. तिसऱ्या दिवशी ताईंनी हातातली शेंग तशीच धरून माझ्याकडे बघितलं. "तीन दिवस झाले भाजी नाही. घरी काय चाललंय?"

मी बोलायला तोंड उघडलं. "ह्यांची कंपनी..." एवढं म्हटलं आणि गाडी बोगद्यात शिरली.

जे त्या मार्गावरून गेलेत त्यांना पारसिकचा बोगदा माहीत असेल. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून जास्त लांबीचा. तेव्हा फास्ट गाड्या त्यातूनच जायच्या. आत शिरलं की खिडक्यांतून असा धडधडाट यायचा की शेजारणीचा शब्दसुद्धा ऐकू येत नसे. सगळ्या आपोआप गप्प व्हायच्या. तेवढ्या वेळात मी ठरवून टाकलं होतं की बाहेर पडल्यावर विषय बदलायचा, काहीतरी दुसरंच बोलायचं. उजेड आला, आवाज विरला. ताई शेंग सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हां, मग?"

मग मी सगळं सांगितलं. रडले नाही. मटार सोलत सोलत सांगितलं.

कुणी सल्ला दिला नाही, कुणी हळहळलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी एक छोटा डबा माझ्या पिशवीत टाकला. "आज भाजी जरा जास्तच झाली बघ." ती भाजी पुढे जवळजवळ दोन महिने रोज जास्त होत राहिली. ह्यांना दुसरी नोकरी लागली त्या दिवशी मी डब्यात पेढे वाटले. तोपर्यंत यातलं काही माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल नावाच्या प्राध्यापकांनी मैत्री व्हायला किती तास लागतात याचा अभ्यास केला होता. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, आणि जिवाभावाची व्हायला २०० तासांच्या वर. मी लगेच मनात हिशेब मांडला. सकाळचा एक तास, महिन्याचे २५ दिवस. आठ महिन्यांत २०० तास. ताईंशी माझं नातं साधारण तेवढ्यातच घट्ट झालं होतं. आणि त्यातला पाऊण तास तरी रोज भाजीवर जायचा!

म्हणून "वायफळ गप्पा" हा शब्द मला मुळीच पटत नाही. वायफळ काय असतं त्यात? मोठ्या बातम्या सगळ्यांनाच कळतात. लग्न, बदली, ऑपरेशन, नवीन घर, हे लांबच्या नातेवाइकांनाही कळतं. भाजी करपली हे मात्र फक्त मैत्रिणीला कळतं. आणि ज्या माणसाला तुमची करपलेली भाजी रोज कळत असते, त्यालाच एक दिवस भाजी झालेलीच नाही हेही कळतं. वर्षातून एकदा हॉल घेऊन, एकसारख्या साड्या नेसून गेट-टुगेदर केलं तर ते हे काम करू शकत नाही. तिथे आपण फक्त ठळक बातम्या वाचून दाखवतो. गेट-टुगेदर जरूर करा, मीही जाते. पण ते जेवणानंतरचं पान झालं, जेवण नव्हे.

काम असेल तरच फोन, ही सवय आपल्याला पैशांनी लावली असं मला वाटतं. एसटीडीच्या पिवळ्या बूथवर रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून रांगेत उभं राहायचं आणि समोरच्या मीटरवर डोळा ठेवून बोलायचं. मोबाईल आले तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, ते २००३ साली थांबलं. तोपर्यंत "पोचलीस की मिस्ड कॉल दे" हेच आमचं संभाषण. २०१६ नंतर तर बोलणं जवळजवळ फुकट झालं. मीटर गेला, पण "पटकन बोल" मात्र आपल्या तोंडात तसंच राहिलं. ज्या काळात बोलायला पैसे पडायचे नाहीत, त्याच काळात आपण बोलायचे थांबलो, याचं मला खरंच दुःख होतं.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप होताच, गाडीच्या वेळेच्या नावाचा. सुरुवातीला रोज सकाळी गाडीच्या वेळेला सगळ्या त्यावर यायच्या. "बसले ग खिडकीत" असं कुणीतरी लिहायचं, मग कुणी ठाणं आलं म्हणायचं. दोन-तीन आठवडे चाललं. मग फुलांचे फोटो सुरू झाले. सुविचार, काढ्याच्या रेसिपी, शुभ सकाळ. रोज शंभर मेसेज, आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

त्या पावसाळ्यात ठाण्याच्या मैत्रिणीची आई गेली. तिने एक ओळ लिहिली. आम्ही सगळ्यांनी हात जोडले, भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं. मीही लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शुभ सकाळ. फोन करावा असं मनात चार वेळा आलं, पण अशा वेळी काय बोलायचं म्हणून राहून गेलं. ऑक्टोबरच्या २१ तारखेपासून बायकांना लोकलमध्ये परवानगी मिळाली. पुढे एक दिवस ती मला ठाण्याच्या फलाटावर दिसली. मास्क असूनही डोळ्यांवरून ओळखलं. बाकावर बसलो, दोन गाड्या सोडल्या. ती म्हणाली, "आईला शेवटच्या आठवड्यात दोडक्याच्या शिरांची चटणी हवी होती. तीळ घालून केलेली. मी केली आणि मीठ घालायला विसरले. तिने तशीच खाल्ली, छान झाली म्हणाली."

चार महिने ती हे मनात घेऊन हिंडत होती. ग्रुपवर कुठे लिहिणार? ॐ शांतीच्या खाली दोडक्याची चटणी कशी लिहायची? त्यासाठी समोर कुणीतरी बसलेलं लागतं, नाहीतर निदान फोनच्या पलीकडे, ज्याला कसलीही घाई नाही असं. तेव्हा फोन न केल्याचं मला आजही लागतं.

माझी मुलगी बंगळुरूला असते. ती म्हणते, "आई, कुणालाही डायरेक्ट फोन करू नकोस, आधी मेसेज टाकून विचार." ऑफिसात असताना फोन वाजला की त्रास होतो, हे मला कळतं. त्या वेळा मी पाळते. पण दोन मैत्रिणींनी बोलण्यासाठी आधी वेळ मागून घ्यायची, ही रीत मला मान्य नाही, आणि मी तिला तसं सांगितलंय. ती आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींना सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात. चालता चालता, मागे रिक्षाचे हॉर्न, मध्येच भाजीवाल्याशी घासाघीस. तिने एक मला ऐकवला तेव्हा मला आमचा डबाच आठवला. चांगलंच आहे ते. फक्त त्यात मध्ये थांबून "हां, मग?" म्हणणारं कुणी नसतं.

मी निवृत्त झाले. ताई तर कधीच्याच झाल्या, आता ऐंशीला आल्यात, कल्याणलाच मुलाकडे असतात. गेल्या वर्षी मीच त्यांना म्हटलं, आपण आपली गाडी पुन्हा सुरू करू. तेव्हापासून रोज सकाळी त्याच वेळेला मी फोन लावते. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि आपापली भाजी निवडायची. विषय ठरलेला नसतो. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, मी सांगते. रविवारी सुट्टी. तो मेगाब्लॉक, असं ताई म्हणतात.

काल त्या पडवळाच्या बियांच्या चटणीचं सांगत होत्या. माझ्या स्वयंपाकघरात रेंज जरा कमीच येते. मधेच आवाज खरखरला आणि फोन कट झाला. मी हात धुऊन परत लावणार, इतक्यात त्यांचाच आला. मला वाटलं आता त्या चटणी पहिल्यापासून सांगतील. पण आधी मी त्यांना माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाल्याचं ओझरतं बोलले होते, नुसतंच एक वाक्य, आणि लगेच पडवळावर गेले होते.

मी फोन उचलला. पलीकडे कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"हां, मग?" ताई म्हणाल्या. "कुठली तारीख म्हणालीस?"