शपथेत नेत्याचं नाव नसतं

नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि वाशी-ऐरोलीच्या नातेवाइकांकडूनही सध्या एकच मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ‘नेत्यानं देशावर प्रेम करावं, एवढं पुरे. घटनेची शपथ हा नुसता उपचार. घटना म्हणजे इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याची नक्कल, आणि खुद्द बाबासाहेबच ती जाळायला निघाले होते. खरी कसोटी एकच : जो आपल्या नेत्याशी एकनिष्ठ नाही, तो देशाशी काय राहणार?’

पाठवणारी माणसं ओळखीची आहेत, भली आहेत. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हापासून ठाण्यात राजकारणाचा विषय निघाला की ‘निष्ठावंत’ आणि ‘गद्दार’ यांपलीकडे बोलणं जातच नाही, त्यामुळे हा मेसेज इथे पटकन पटतो हेही कळतं. पण तो चुकीचा आहे, आणि मुळापासून चुकीचा आहे.

आधी शपथेचं बघू. विधानसभेचा अर्ज भरायचा दिवस आठवा. ढोल-ताशे, गळ्यात उपरणी, उघड्या जीपवर नेतेमंडळी, मागे अडकलेल्या टीएमटीच्या बसेस. ही सगळी मिरवणूक निवडणूक कार्यालयाच्या बाहेर थांबवतात. आत जातो उमेदवार आणि मोजकी चार माणसं. तिथे त्याला छापील कागदावरची शपथ घ्यावी लागते : कायद्याद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल मी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन, भारताची सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन. ही शपथ झाली नाही तर उमेदवारी टिकत नाही. निवडून आला की सभागृहात पुन्हा शपथ. ती न घेता कामकाजात बसला किंवा मतदान केलं, तर १९३ व्या अनुच्छेदाप्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड. मंत्री झाला की आणखी एकदा, आणि त्या वेळी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्व लोकांना न्याय्य वागणूक देण्याचा शब्दही द्यावा लागतो. ३० डिसेंबर २०१९ ला के. सी. पाडवी यांनी मंत्रिपदाची शपथ घेताना ठरलेल्या मजकुराबाहेरचं काही जोडलं, तेव्हा राज्यपाल कोश्यारींनी त्यांना ती पहिल्यापासून पुन्हा घ्यायला लावली. त्या कागदात पक्षप्रमुखाचं नाव घालायला जागाच ठेवलेली नाही.

‘देशावर प्रेम पुरे’ या वाक्याला एक साधं उत्तर आहे. आमदार-खासदारांच्या मूळ शपथेत ‘सार्वभौमता व एकात्मता’ हे शब्द नव्हते. दक्षिणेतल्या वेगळ्या द्रविडनाडूच्या मागणीच्या पार्श्वभूमीवर १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं ते आले. तोवर निष्ठेची शपथ होती ती फक्त घटनेबद्दल. घटनाकारांना देशनिष्ठा आणि घटनानिष्ठा अशा दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या नव्हत्या.

आता ‘नक्कल’. राज्यकारभाराचा बराच तपशील १९३५ च्या कायद्यातून आला, हे खरं आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ते स्वतःच सांगितलं, आणि उसनं घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, असंही म्हटलं. पण काय उसनं घेतलं आणि काय नव्यानं लिहिलं, हे पाहायचं असेल तर लांब जायला नको. १९४५ चा आपला ठाणे जिल्हा घ्या. पालघर तेव्हा वेगळा नव्हता, तलासरी-डहाणू ठाण्यातच होते. तिथला आदिवासी वारली माणूस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराचे ‘लग्नगडी’ होऊन जन्म काढायचे. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करायला नकार दिला. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तेव्हा लागू होता तोच १९३५ चा कायदा. त्यात मूलभूत हक्कांचं प्रकरण नव्हतं, आणि मत द्यायचं तर मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. लग्नगड्याला त्या कायद्यात कुठे जागा होती?

घटनेनं २३ व्या अनुच्छेदात वेठबिगारीला मनाई केली, १७ व्या अनुच्छेदात अस्पृश्यता संपवली आणि प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते, आणि त्यात वारलीही होते. वेठ एका दिवसात संपली नाही, हेही खरं. वेठबिगार मुक्तीचा कायदा व्हायला १९७६ उजाडलं. नेत्यांची घटनेवरची निष्ठा लागते ती इथे. कलम लिहून ठेवलेलं असतं, ते अमलात आणायला माणसं आपण निवडून देतो.

बाबासाहेबांचं ‘जाळीन’ हे विधान खोटं नाही, अर्धवट आहे. २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावरच्या चर्चेत ते तसं बोलले. मुद्दा होता अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा. १९५५ मध्ये त्यांना याचा जाब विचारला गेला, तेव्हा त्यांनी खुलासा केला : देव येऊन राहावा म्हणून देऊळ बांधलं, पण देवाची स्थापना होण्याआधीच सैतानानं ते बळकावलं, तर दुसरं काय करणार? त्यांचा राग घटना राबवणाऱ्यांवर होता. मेसेज त्याच लोकांना मोकळं सोडतो.

राहिली नेत्याशी एकनिष्ठता. निवडून येऊन दुसऱ्याच दारात जाऊन बसणं ही मतदाराची फसवणूक आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. त्यासाठीच १९८५ मध्ये घटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली. मूळ घटनेत राजकीय पक्षाचा उल्लेखच नव्हता, तो या दुरुस्तीनं आला. पण व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला म्हणून आमदारकी जाणं वेगळं आणि देशाशी बेइमानी वेगळी. तीस वर्षं एकाच पक्षात राहूनही माणूस शपथ रोज मोडू शकतो. टेंडर आपल्याच माणसाला देणारा, विरोधात मत देणाऱ्या वस्तीचं पाणी अडवणारा, दोन समाजांना झुंजवणारा हा माणूस पक्षाचा निष्ठावंत असेलही, पण घटनेला दिलेला शब्द त्यानं मोडलेला असतो.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्ती देईल, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात, शिवाजी महाराज लढत असताना इतर मराठे सरदार मोगलांच्या बाजूनं लढत होते, याची आठवण त्यांनी करून दिली, आणि पक्षांनी आपली मतप्रणाली देशापेक्षा मोठी मानली तर स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल, असा इशारा दिला.

आणि नेत्यापुढे न झुकणं म्हणजे काय, हे आपल्याच भागातल्या एका माणसानं करून दाखवलंय. चिंतामणराव देशमुख, १९५२ साली कुलाब्याचे खासदार. पनवेल, उरण म्हणजे आजच्या नवी मुंबईलगतचा भाग त्याच कुलाबा जिल्ह्यातला. देशाचे अर्थमंत्री, पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळातलं वजनदार नाव. मुंबई केंद्रशासित करायचं ठरलं, तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. लोकसभेतल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट मांडल्या : एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता घेतला गेला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत झालेल्या पोलिस गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. त्यांचं भांडण कारभाराच्या रीतीबद्दल होतं, मारल्या गेलेल्या नागरिकांबद्दल होतं. ते देशातल्या सगळ्यात मोठ्या नेत्याच्या विरोधात उभे राहिले आणि खुर्ची सोडून निघून गेले. मेसेजची कसोटी लावली तर ते एकनिष्ठ ठरत नाहीत. तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी मला एवढंच सांगावं, चिंतामणरावांना ते देशाशी बेइमान म्हणणार आहेत का?