‘डेव्ह पॅकेज कच्चं असतं, लिंक मारा की चालतंय’ : नाही चालत

उबंटूवर सी++चा प्रोजेक्ट बिल्ड होईना, की बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर एक ठरलेला सल्ला फिरतो. त्याचं सार असं: ‘-डेव्ह’वाली पॅकेजं कच्ची, चाचणीची असतात, टाकू नका, लायब्ररी सिस्टिमवर असतेच, नाव जुळत नसेल तर ‘एलएन -एस’ने लिंक (असलेल्या फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) मारा, तरी अडलं तर सोर्स उतरवून ‘सुडो मेक इन्स्टॉल’, शेवटी ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ (कुणाला लागत नसलेली पॅकेजं काढणारी आज्ञा), की कचरा साफ.

‘कच्ची आवृत्ती’ हा मुद्दा लगेच निकालात निघतो. डेबियन घराण्यात एकाच सोर्समधून, एकाच आवृत्तीची, दोन पॅकेजं निघतात. उदाहरणार्थ ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी: चालू प्रोग्रामला लागणारी लिबएसएसएल.एसओ.३ एकात, कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइली (.एच), आकडा नसलेली .एसओ लिंक आणि पीकेजी-कॉन्फिगची (कंपायलरला द्यायचे फ्लॅग सांगणाऱ्या प्रोग्रामची) .पीसी फाइल दुसऱ्यात, म्हणजे ‘-डेव्ह’मध्ये. फेडोरात दुसऱ्याला ‘-डेव्हल’ म्हणतात, आर्चमध्ये ते वेगळं काढतच नाहीत.

लिंक मारायचा सल्ला मात्र खरोखर नुकसान करतो. ‘ओपनएसएसएल/एसएसएल.एच सापडत नाही’ ही तक्रार कंपायलरची. गाडी लिंकरपर्यंत, म्हणजे लायब्ररी जोडण्याच्या टप्प्यापर्यंत, पोहोचलेलीच नसते, तिथे लिंक काय करणार? आणि जुना तयार प्रोग्राम लिबएसएसएल.एसओ.१.१ मागतोय म्हणून त्या नावाची लिंक .३ कडे वळवली, तर लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा) आत जाऊन ‘ओपनएसएसएल_१_१_०’ ही सिम्बॉलची, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांवरची, आवृत्ती शोधतो. ती ३ मध्ये नाही, म्हणून तो तिथेच थांबतो. हे बरंच म्हणायचं! ज्या लायब्ररींत असे शिक्के नसतात तिथे प्रोग्राम सुरू होतो आणि मध्येच कुठेतरी कोसळतो. उबंटू २२.०४ पासून ओपनएसएसएल ३ आहे आणि १.१.१ चा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. सोर्स हाताशी असेल तर ३ वर पुन्हा बिल्ड करणं हाच मार्ग.

मग करायचं काय? एररमध्ये जी फाइल नाही म्हटलंय तिचं पॅकेज शोधायचं. ॲप्ट-फाइल टाका, ‘ॲप्ट-फाइल अपडेट’ करा, मग ‘ॲप्ट-फाइल सर्च’ला फाइलचं नाव द्या. आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही छापील मजकूर वाचणारा प्रोजेक्ट हमखास कुणीतरी घेतं. त्यासाठीच्या टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या लायब्ररीची बेसएपीआय.एच लिबटेसरॅक्ट-डेव्हमध्ये मिळते. जोडायचे फ्लॅग हाताने न लिहिता ‘पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज टेसरॅक्ट’कडून घ्यावेत. भाषेचा डेटा मात्र त्यात नसतो. टेसरॅक्ट-ओसीआर-मार आणि टेसरॅक्ट-ओसीआर-कान वेगळी टाकावी लागतात, नाहीतर बिल्ड सुरळीत होऊन चालवताना ‘मार.ट्रेन्डडेटा’ उघडत नाही.

‘डेव्ह टाकलं की सिस्टिम मोडते’ ही समजूत ज्या एररमधून आली असावी ती बघा: लिबएसएसएल-डेव्हला लिबएसएसएल३ ची (उबंटू २४.०४ पासून हे नाव लिबएसएसएल३टी६४) अमुक आवृत्ती हवी, पण तमुक बसलेली आहे. डेव्ह पॅकेज आपल्या जोडीदाराची तंतोतंत तीच आवृत्ती मागतं, तेव्हा ॲप्टने अडवणं बरोबरच. कारण बहुधा दोहोंपैकी एक. कुणीतरी ॲप्टच्या सोर्सेसच्या यादीतली ‘-अपडेट्स’ किंवा ‘-सिक्युरिटी’ची ओळ बंद केलेली असते, किंवा एखाद्या पीपीएने (उबंटूबाहेरच्या कुणीतरी चालवलेल्या रिपॉझिटरीने) पुढची लायब्ररी घुसवलेली असते. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबएसएसएल३’ने बसलेली आवृत्ती कुठल्या रिपॉझिटरीतली ते दिसतं. ओळ चालू करून ‘ॲप्ट अपडेट’ केलं की पहिला प्रकार सुटतो. दुसऱ्यात पीपीए काढून, पॅकेजच्या नावापुढे बरोबरच्या चिन्हाने वितरणाची आवृत्ती देऊन मागे यायचं. पण ॲप्ट काय काय काढणार आहे ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका.

‘सुडो मेक इन्स्टॉल’ फाइली सहसा /यूएसआर/लोकलमध्ये टाकतं आणि डीपीकेजीला (बसलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला) त्याचा पत्ता नसतो. लोडर आणि कंपायलर दोघंही ती जागा आधी बघतात, त्यामुळे तिथे राहिलेली जुनी प्रत पुढे सुरक्षा अपडेट आल्यावरही वापरात राहते. करायचंच असेल तर ‘कॉन्फिगर’ला ‘--प्रीफिक्स’ देऊन होम फोल्डरमधल्या वेगळ्या जागी करा. नको झालं की फोल्डर उडवता येतो.

‘मेक इन्स्टॉल’च्या फाइलींचा डीपीकेजीला पत्ता नसतो म्हणूनच ऑटोरिमूव्ह त्या साफ करू शकत नाही. उलट नको ते नेतं. लिबटेसरॅक्ट-डेव्ह काढून ऑटोरिमूव्ह चालवलंत, आणि चालू लायब्ररी दुसऱ्या कुठल्या पॅकेजला लागत नसेल, तर तीही जाते. तुम्ही स्वतः बिल्ड केलेला प्रोग्राम ॲप्टच्या हिशेबात नसतो. आधी ‘एलडीडी’ने त्या प्रोग्रामला लागणाऱ्या .एसओ फाइली बघा, ‘डीपीकेजी -एस’ला (इथे कॅपिटल एस) फाइलचं नुसतं नाव देऊन पॅकेज काढा, त्यावर ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ करा (म्हणजे ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही), मगच डेव्ह पॅकेज काढा.