केळकरांचं भाषण, दाजींचा टोमणा आणि सहा डोनट

रविवारी सकाळी इथे कॅनडात, मिसिसागात मरणाचा बर्फ, फावडं उचलायचा कंटाळा, म्हणून दाजींनी पुण्याहून पाठवलेलं अर्थतज्ज्ञ विजय केळकरांचं एक भाषण लावून बसलो. करिअर, आर्थिक धोरणं, सगळं त्यात. खाली दाजींची पुणेरी ओळ: "हेही अमेरिकेला गेले होते, पण परत आले."

टोमणा खरा आहे, काय बोलणार. पुण्याच्या सीओईपी कॉलेजातून इंजिनियर, मग मिनेसोटा, बर्कलेला पीएचडी, आणि परत येऊन पेट्रोलियम सचिव, अर्थसचिव, तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. आमचं करिअर मॉर्टगेज आणि स्नो टायरपाशी थांबलं.

पण माझं डोकं अडकलं ते तारखांमध्ये. 2004 मध्ये त्यांच्या टास्क फोर्सने देशभर जीएसटी आणा म्हणून सांगितलं, 2006 च्या बजेटमध्ये अर्थमंत्री चिदंबरमनी 1 एप्रिल 2010 ची तारीख दिली, आणि प्रत्यक्षात आला 1 जुलै 2017 ला. मधे तेराव्या वित्त आयोगाने राज्यांसाठी 50 हजार कोटींचं गाजरसुद्धा ठेवलं होतं, अट एवढीच की ठरलेल्या साच्यातला, एकाच रेटचा जीएसटी आणा. या आयोगाच्याच टास्क फोर्सने रेट काढला होता 12 टक्के, केंद्राचे 5 आणि राज्याचे 7. मिळालं काय, तर 5, 12, 18, 28, आणि 2024 च्या डिसेंबरात कॅरॅमल पॉपकॉर्नला 18 टक्के का यावर अख्ख्या देशाने केलेले जोक्स. आता सप्टेंबर 2025 पासून मुख्य रेट 5 आणि 18 असे दोनच, वर 40 चा आहेच. आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र एकच वाद, जीएसटी काँग्रेसचा की भाजपचा.

आणि मग कोणीतरी म्हणतंच, "तुमच्याकडे बरंय, सगळं सुटसुटीत." अहो कसलं सुटसुटीत! इथे सहा डोनट घेतले तर टॅक्स शून्य कारण तो किराणा, पाच घेतले तर टॅक्स लागतो कारण तो खाऊ. ऑन्टॅरिओत 13 टक्के, शेजारी क्युबेकचा स्वतःचा वेगळा टॅक्स, अल्बर्टात फक्त केंद्राचे 5. ब्रिटिश कोलंबियाने 2010 मध्ये राज्याचा आणि केंद्राचा टॅक्स एक केला तर लोक इतके भडकले की पुढच्याच वर्षी सार्वमत घेऊन तो पाडला. आणि 1991 मध्ये ज्यांनी मुळात इथला जीएसटी आणला तो सत्ताधारी पक्ष 1993 च्या निवडणुकीत 2 सीटवर आला (फक्त जीएसटीमुळे नाही, पण त्याचा राग होताच). नवीन सरकार काढून टाकू म्हणत आलं, काढला नाही, तो अजून आहे. त्यामुळे कॅनडात सगळं शहाणपणाने चालतं असं मला कोणी ऐकवू नये.

दाजींचा प्रश्न तरी उरतोच. परत आलो असतो तर एका रिपोर्टसाठी 13 वर्षं कळ काढली असती का मी? छे, तिसऱ्या वर्षी परत व्हिसाच्या लाइनीत दिसलो असतो.

पण दाजींनाही एक विचारायचंय. केळकरांचाच अजून एक रिपोर्ट आहे 2013 चा, विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावरचा, ज्यात जिल्ह्याऐवजी तालुका धरून हिशोब मांडला होता. त्यावर ग्रुपवर आजवर एक मेसेज पाहिला नाही, आणि दाजी तर मूळचे लातूरचे.