गोळीचं ठीक, पण वहीचं काय?

तुमच्या लेखात वाईट स्वप्नांवर प्राझोसिन सुचवलंय. ती मुळात रक्तदाबाची गोळी, सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, हे लिहायला हवं होतं. २०१८ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ती प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरली नव्हती, हेही.

कोथरूडच्या आमच्या मामींना अपघातानंतर सारखं तेच स्वप्न: सिंहगड रस्त्यावर ट्रक अंगावर येतोय. दृष्ट काढून झाली, ढिम्म फरक नाही. मग समुपदेशक बाईंनी शेवट बदलून ते वहीत लिहायला लावलं. ट्रक थांबतो, मामी रसवंतीत उसाचा रस पितात (आलं घालून, बिनबर्फाचा, इतक्या तपशिलात!). रोज दिवसाउजेडी तेच मनात घोळवायचं. आता क्वचितच दचकून उठतात.

आणि प्रोप्रॅनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही अशी स्वप्नं पडू शकतात. चालू औषधं डॉक्टरांना दाखवाच, मनानं बंद करू नका.