“ढोबळ सांग रे, तुला कोणी धरून बसणार नाही”

सॉफ्टवेअरच्या कामाला किती वेळ लागेल हे विचारताना हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. कारण धरून बसतातच! मी “दोन-तीन आठवडे लागतील, पण…” एवढं म्हणेपर्यंत समोरच्याने एक्सेलच्या रकान्यात “२ आठवडे” टाकलेलं असतं. तीन गेले, “पण” गेला, “पण”च्या पुढचं सगळं गेलं. दुपारी तीच तारीख क्लायंटच्या ईमेलमध्ये. आणि काम नक्की काय आहे, हे तोवर कोणी नीट लिहूनसुद्धा काढलेलं नसतं.

“एकच तर बटण आहे!” रिपोर्ट डाउनलोड करायचं बटण. बटण अर्ध्या तासात लागतं हो. पण कोणी कोणाचा डेटा बघायचा, ते ठरलंय? लाखभर ओळी निघाल्या की सर्व्हर आडवा पडणार, म्हणजे काम पडद्यामागे चालवायचं, फाइल तयार झाली की लिंक पाठवायची, ती लिंक कधी बंद करायची तेही बघायचं. तारखा कुठल्या टाइमझोनच्या? सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडली की देवनागरी नावांचा कचरा होतो, आणि खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं एक्सेल परस्पर गिळून टाकतं. हे सगळं त्या “एकाच बटणा”त असतं. टेस्टिंगचं तर विचारूच नका, त्याला उरलेसुरले दिवस मिळतात, उरले तर.

त्यात घासाघीस. “तीन आठवडे? दोनात बसव ना.” अरे, ही काय मंडईतली भाजी आहे? काम आहे तेवढंच राहिलं, तुम्ही फक्त आकडा खाली आणलात. मग कोणी शहाणपणाने चार दिवस जादा धरले की ते “फुगवलेलं एस्टिमेट” म्हणून आधी कापायचे. आणि मधेच दोन फीचर वाढवायची, तारीख मात्र जागची हलता कामा नये.

लांबलं की ठरलेला उपाय: माणसं वाढवा. फ्रेड ब्रुक्सने आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलं आणि १९७५ मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. पन्नास वर्षं झाली की हो! पाच जणांत बोलणाऱ्यांच्या दहा जोड्या होतात, दहा जणांत पंचेचाळीस. आणि नव्यांना सिस्टीम समजावणार कोण? ज्यांच्या मानेवर काम आहे तेच. म्हणजे त्यांचंही काम बंद.

काहींचं उलटंच. “आपण अजाइल आहोत, आपल्याला प्लॅन लागत नाही.” अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर करायची पद्धत. तिच्या २००१ च्या जाहीरनाम्यात प्लॅन फेकून द्या असं कुठेही नाही. प्लॅनला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं जास्त मोलाचं, एवढंच आहे. आमच्याकडे प्लॅन नाही, पण सहा महिन्यांनंतरची रिलीजची तारीख मात्र दगडावरची रेघ. वर स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचे नुसते तुलनेचे गुण) दिले की लगेच, “म्हणजे एक पॉइंट एक दिवस ना?” नाही! दिवसच हवे होते तर पॉइंटचा खेळ कशाला मांडलात?

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं की आधीची कामं लांबलेली माहीत असूनही माणूस या वेळी सगळं सुरळीत होईल असंच धरून चालतो. उपायही तेव्हाच सांगितला होता: तशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला ते बघा. आमच्या जिरामध्ये (कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मागच्या प्रत्येक कामाची सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख पडून आहे. उघडून बघायला कोणाला फुरसत नाही. त्यापेक्षा मीटिंगमध्ये “तुला काय वाटतं?” विचारणं सोपं. मग प्रोजेक्ट लांबला की रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाच्या आढावा बैठकीत, पहिला प्रश्न, “डेव्हलपर्सचे अंदाज का चुकतात?”

तारीख वरूनच ठरून आली असेल तर तसं तोंडावर सांगा ना. त्या तारखेत काय काय बसतं ते मी सांगतो, बाकीचं तुम्ही गाळा. पण आधी तारीख ठरवायची आणि मग ती माझ्या तोंडून वदवून घ्यायची, ही नाटकं बंद करा!